दम्याचा वारसा आणि वारणेचा धूर

१९५० च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांनी वारणा खोऱ्यात सहकारी साखर कारखाना उभा केला. शिवारात ऊस वाढला, हातात पैसा खेळू लागला, आणि तोडणीनंतर पेटवलेल्या पाचटाचा धूरही वाढला. कुणाला धाप लागली की गाव मात्र एवढंच म्हणे, ‘त्यांच्या घराण्यातच दमा आहे.’ सोयरीक जुळवताना हे दुखणं दडवलं जाई. १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल हे दम्याचं औषध बाजारात आलं. पुढे त्याचा पंप घरोघरी पोचला, तरी तो ओढायचा पदराआडच.

गावाचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये कुक आणि व्हँडर व्हीर या डॉक्टरांनी दमा व अ‍ॅलर्जीच्या रुग्णांची घराणी तपासली. निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या नात्यात तोच त्रास आढळला. २००७ मध्ये सतराव्या गुणसूत्रावर बालदम्याशी निगडित जागा सापडली.

मग प्रश्न आला पूर्वजांचा. अमेरिकेतल्या लॅटिनो समाजात पोर्तो रिकोच्या मुलांना दमा सर्वाधिक, मेक्सिकन मुलांना बराच कमी. शिक्का एक, भाषा एक, पण रक्तात मूळ अमेरिकी, युरोपीय आणि आफ्रिकी वंशाचं प्रमाण वेगवेगळं. २००४ मध्ये संशोधक एस्तेबान बुर्चार्ड यांच्या गटाने दाखवलं, की साल्ब्युटामॉलचा गुणही पोर्तो रिकन रुग्णांना मेक्सिकनांपेक्षा कमी येतो. म्हणजे एका समाजावर पारखलेलं औषध दुसऱ्याला तेवढंच लागू पडेल, असं धरून चालता येत नाही.

आपणही सरमिसळीचीच माणसं. भारतीयांच्या रक्तात किमान दोन प्राचीन प्रवाह मिसळल्याचं २००९ च्या जनुकीय अभ्यासाने मांडलं, आणि जातीतच लग्नं करण्याच्या रिवाजाने ती मिसळण जातवार गोठवली. ‘जीनोम इंडिया’ या प्रकल्पाने ८० हून अधिक समाजगटांतल्या सुमारे १०,००० लोकांचे जनुकसंच वाचले, ते आता कुठे.

या साऱ्यात वारणाकाठच्या माणसाने लक्षात ठेवावा असा निष्कर्ष २००८ चा. सतराव्या गुणसूत्रावरच्या त्या जागेचा धोका लहानपणी घरात तंबाखूचा धूर असलेल्या मुलांत जास्त दिसला. पुढे २०१३ मध्ये लॅटिनो आणि आफ्रिकी-अमेरिकी मुलांच्या अभ्यासात आढळलं, की आयुष्याच्या पहिल्या वर्षी वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड जास्त असेल तर पुढे दम्याची शक्यता वाढते.

वारसा बदलता येत नाही, धूर बदलता येतो. खोडव्यात पाचट न जाळता सरीआड सरी पसरणारे शेतकरी आज खोऱ्यात आहेत. जमिनीला खत मिळतं, पाणी वाचतं, आणि लेकरांच्या छातीवरचा भारही हलका होतो. तेव्हा पाचट पेटवू नका, तान्ह्या बाळाच्या खोलीत बिडी ओढू नका, आणि डॉक्टरांनी दिलेला पंप चारचौघांत खुशाल ओढा.