शेततळ्यातील मासळीचा विषाणुरोग : पाळत कशी ठेवावी?



उन्हाळ्यात उसाला ठिबकने पाणी पुरावे म्हणून आपल्या भागात शेततळी झाली. पाणी आहेच, तर मासळी का नको, असे म्हणून अनेकांनी त्यात कटला, रोहू, मृगळ, तर कोणी तिलापिया सोडली. जोडधंदा चांगला आहे. ऊस विकास खात्याने मासळीवर का लिहावे, असे कोणी विचारील. रोगट बेण्यातून गवताळ वाढ एका रानातून दुसऱ्या रानात कशी जाते, हे आपण जाणता. मासळीचा रोगही बीजातून आणि पाण्यातून असाच पसरतो.

विषाणूवर औषध नाही. २०२० साली जळगाव जिल्ह्यात केळीवर हरण्या (सीएमव्ही) आला, तेव्हा रोगट झाडे उपटून टाकण्यावाचून इलाज नव्हता. तिलापियाचेही तसेच. इस्रायलमध्ये २००९ पासून ही मासळी मोठ्या प्रमाणावर मरू लागली. कारण असलेला ‘तिलापिया लेक’ विषाणू २०१४ साली ओळखला गेला. २०१८ साली पश्चिम बंगाल व केरळातून त्याची नोंद झाली. रोग जोरात असला की शंभरातली नव्वद मासळीही जाते. माणसाला मात्र हा रोग होत नाही.

म्हणून सारी भिस्त लवकर कळण्यावर. २०१३ साली देशात जलचरांच्या रोगांवर पाळत ठेवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचा समन्वय लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था पाहते. काम दोन अंगांनी चालते. तज्ज्ञ ठरलेल्या तळ्यांवर जाऊन नमुने घेतात. आणि मर दिसली की शेतकरी स्वतः कळवतो. प्रत्येक तळ्यावर तज्ज्ञ पोहोचणार नाही. तेव्हा दुसरे अंग तुमच्या आमच्यावरच आहे.

मर दिसली म्हणजे विषाणूच, असे नाही. फरक असा ओळखावा :

१) पहाटे मासे वर येऊन तोंडाने हवा घेतात, ऊन चढल्यावर सावरतात : पाण्यात प्राणवायू कमी.

२) सर्व जातींचे मासे एकदम मेले, बेडूक-किडेही मेले : फवारणीचे औषध तळ्यात उतरल्याचा संशय.

३) एकाच जातीचे मासे मरतात, रोज आकडा वाढतो, खाणे सुटते, अंगावर लाल चट्टे, डोळे पांढुरके, पोट फुगलेले : विषाणूचा संशय.

तिसरा प्रकार दिसल्यास त्याच दिवशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास कळवा. २०२३ साली केंद्राने ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाईल ॲपही काढले आहे; घरातल्या पोराला सांगितले तरी तो नोंद करील. नमुना कुजलेल्या माशाचा चालत नाही. मरायला टेकलेले मासे बर्फात ठेवून, कार्यालय सांगेल तेथे द्यावेत. वहीत तारीख, जात, मेलेल्यांची संख्या आणि बीज कोठून आणले ते लिहा. या नोंदींवरूनच रोग कोठून आला, कोठे चालला, ते कळते.

निकाल येईपर्यंत तळ्याचे पाणी पाटात, चारीत वा नाल्यात सोडू नका. आपल्याच उसाला ठिबकने द्या. त्याने उसाचे काही बिघडत नाही. मेलेले मासे चुना टाकून खोल पुरा. जाळे दुसऱ्याला देऊ नका. नवे बीज खात्रीच्या केंद्रातूनच घ्या आणि दोन आठवडे वेगळे ठेवून मगच मोठ्या तळ्यात सोडा.

नाव खराब होईल म्हणून काहीजण मर लपवतात आणि उरलेली जिवंत मासळी घाईने दुसऱ्या तळ्यासाठी विकून मोकळे होतात. पैसे चार सुटतात, पण रोग शेजाऱ्याच्या तळ्यात जातो आणि पुढच्या पाळीला आपल्याकडे परततो. पांझरेच्या फडात पाणी साऱ्यांचे असते, हे धुळ्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. मासळीच्या रोगालाही हाच हिशेब लागतो. ज्यांना जाता येत नाही, त्यांनी आपल्या गटाच्या ऊस कर्मचाऱ्याजवळ निरोप द्यावा. आम्ही तो त्याच दिवशी पुढे पोचवू.

— ऊस विकास अधिकारी