व्यसन आणि कायदा : लेखांक ६
डॉक्टरांच्या देखरेखीखालचं हेरॉइन

झुरिकच्या मुख्य रेल्वे स्टेशनाजवळ, राष्ट्रीय संग्रहालयामागे प्लाट्झश्पिट्झ ही बाग आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे हेरॉइन उघड्यावर विकलं जाई, टोचून घेतलं जाई. पोलीस बागेत फारसा हस्तक्षेप करत नसत. डॉक्टर आणि स्वयंसेवक रोज हजारो स्वच्छ सुया वाटत आणि बेशुद्ध पडलेल्यांचा श्वास सुरू ठेवत. फेब्रुवारी १९९२मध्ये बागेला कुलूप लागलं, तेव्हा सगळा बाजार जवळच्या लेटन या वापरात नसलेल्या स्टेशनावर गेला. तीन वर्षांनी तेही रिकामं करावं लागलं.

म्हणजे पोलिसांनी डोळेझाक करून भागलं नाही आणि हुसकावूनही भागलं नाही. बागेत अटकेची भीती नव्हती, पण माल विक्रेत्याचाच होता. त्यात काय मिसळलंय ते घेणाऱ्याला कळायचा मार्ग नव्हता.

१९९४मध्ये स्वित्झर्लंडने निवडक रुग्णांना सरकारी देखरेखीखाली शुद्ध हेरॉइन द्यायला सुरुवात केली. रुग्ण सज्ञान हवा, किमान दोन वर्षांचं व्यसन हवं आणि आधीचे उपचार किमान दोनदा फसलेले हवेत. तो दिवसातून साधारण दोनदा क्लिनिकमध्ये येई आणि मोजून दिलेलं इंजेक्शन नर्ससमोर घेई. गेल्या आठवड्यात आपण अमेरिकेतलं ऑक्सिकॉन्टिन हे व्यसन लावणारं वेदनाशामक पाहिलं. तेही डॉक्टरांनीच लिहून दिलेलं होतं. पण गोळ्यांच्या बाटल्या घरी जात होत्या आणि खप वाढण्यात कंपनीचा नफा होता. स्विस क्लिनिकांमध्ये हे दोन्ही नव्हतं. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

हेरॉइनचा अंमल काही तासांत उतरतो आणि मग ‘टर्की’ लागते : हाडं ठणकतात, अंग थरथरतं, जुलाब होतात. व्यसनी माणसाचा सगळा दिवस ती टाळण्यात जातो. उसनवारी, चोरी, देहविक्री, पुन्हा खरेदी. पुढचा डोस नक्की मिळणार हे कळलं की ही धावपळ थांबते. झोप, जेवण, घरभाडं, नोकरी यांचा विचार करायला जागा होते. या रुग्णांमधले गुन्हे खूप कमी झाल्याचं तिथल्या अभ्यासांत दिसलं. सगळे व्यसनमुक्त झाले नाहीत. अनेकजण वर्षानुवर्षं डोसवरच आहेत. तरी ते जिवंत आहेत आणि मी या गोष्टीला कमी लेखणार नाही.

हेरॉइनची ओढ या क्लिनिकांमुळे वाढेल, अशी भीती होती. ‘द लॅन्सेट’मध्ये २००६ साली आलेल्या अभ्यासानुसार झुरिक प्रांतात हेरॉइन नव्याने नियमित घेऊ लागणाऱ्यांची संख्या १९९०मध्ये सुमारे ८५० होती, ती २००२मध्ये १५०वर आली. याचं श्रेय एकट्या या क्लिनिकांचं नाही. मेथाडोन हे हेरॉइनऐवजी दिलं जाणारं औषध सहज मिळू लागलं होतं आणि ते घेणारे हेरॉइनच्या रुग्णांपेक्षा कितीतरी अधिक होते.

स्विस मतदारांनी दोन प्रश्न वेगळे ओळखले. १९९८मध्ये अमली पदार्थ सरसकट कायदेशीर करण्याचा प्रस्ताव सुमारे तीन चतुर्थांश मतांनी फेटाळला. २००८मध्ये हेरॉइन-उपचाराला कायद्यात कायमची जागा देणाऱ्या दुरुस्तीला ६८ टक्क्यांनी होकार दिला.

आपल्याकडे पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६पासून माणसं गर्दमधून बाहेर काढतंय, पूर्ण व्यसनमुक्तीच्या वाटेने. ज्यांना ती वाट झेपत नाही त्यांच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन भारतातही उपलब्ध आहेत. हेरॉइन क्लिनिकच्या चर्चेआधी ही औषधं गरजू माणसाच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात रोज, न चुकता मिळायला हवीत. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-ए तर उपचाराला स्वेच्छेने तयार होणाऱ्या व्यसनी आरोपीला खटल्यापासून संरक्षणही देतं. त्याच्या अटी पुढच्या लेखांकात तपशिलाने पाहू.