मुरगावची चार जहाजं आणि खलाशाची साक्ष

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले, हे आमच्या शहापूर-मुरबाडकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. विजेचे मनोरे पाडणारा त्यांचा आझाद दस्ता इंग्रज सरकारच्या लेखी गुन्हेगार होता. त्यानंतर सव्वादोन महिन्यांत याच सरकारच्या माणसांनी रात्रीच्या अंधारात गोव्यातल्या मुरगाव बंदरात शिरून आंतरराष्ट्रीय कायदा मोडला. खटला मात्र उभा राहिला तो ज्यांची जहाजं बुडाली त्या खलाशांवर! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चक्रावून गेलो होतो, आणि अजूनही त्या प्रकरणाकडे वळलो की तसाच अचंबा वाटतो.

सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध पेटलं तेव्हा एहरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स ही तीन जर्मन मालवाहू जहाजं मुरगावच्या आसऱ्याला आली. पुढे इटलीही युद्धात उतरली आणि चौथं, इटालियन जहाज, आन्फोरा, त्यांच्या शेजारी अडकून पडलं. गोवा पोर्तुगालचा आणि पोर्तुगाल तटस्थ. बाहेर समुद्रावर इंग्रजांचं आरमार, आत बंदरात मात्र कोणी हात लावायचा नाही. 1907 च्या हेग कराराने हे स्पष्ट लिहून ठेवलं होतं: तटस्थ देशाच्या पाण्यात लढणाऱ्या देशांनी कोणतीही लढाऊ कृती करायची नाही. हा नियम कागदावरचाच होता असं समजू नका. ऑक्टोबर 1943 मध्ये याच मुरगावला एक अमेरिकेकडून आणि एक जपानकडून अशी दोन मोठी जहाजं आली आणि एकमेकांच्या देशांत अडकलेल्या शेकडो नागरिकांची अदलाबदल झाली. शत्रूंनी एकाच धक्क्यावर माणसं मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची, ही तटस्थतेची ताकद.

पण त्याच करारात आणखी एक कलम आहे. तटस्थ बंदराचा तळासारखा वापर करायचा नाही, आणि तिथे वायरलेस केंद्र तर मुळीच उभारायचं नाही. एहरेनफेल्सवर चोरून ठेवलेला वायरलेस हिंदी महासागरातल्या जर्मन पाणबुड्यांना दोस्तांच्या जहाजांची खबर देतो, अशी इंग्रजांची खात्री झाली होती. एहरेनफेल्सची दोन भावंडं, गोल्डेनफेल्स आणि कांडेलफेल्स, जर्मन आरमाराने तोफा चढवून ‘अटलांटिस’ आणि ‘पिंग्विन’ या नावांनी समुद्रात सोडली होती आणि या दोघांनी किती जहाजं गिळली याचा हिशेब इंग्रजांकडे होता. त्यामुळे एहरेनफेल्स त्यांच्या डोळ्यांत सलत असणार.

उघड हल्ला करता येईना, म्हणून त्यांनी कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळाची माणसं निवडली. ज्यूटचे व्यापारी, चहावाले, कचेऱ्यांमधले साहेब, बरेचसे चाळिशी ओलांडलेले. जोडीला कलकत्ता स्कॉटिशचे चौघे, आणि सूत्रं लुइस प्यू या गुप्तहेर खात्यातल्या अधिकाऱ्याकडे. वाहन म्हणून ‘फीबी’ नावाची, नदीतला गाळ वाहून नेणारी बोट. मुहूर्त 9 मार्च 1943 च्या पहाटेचा, कार्निव्हालचे शेवटचे दिवस, गावात नाचगाणी चाललेली. मंडळी एहरेनफेल्सवर चढली, झटापट झाली आणि कॅप्टन रोफरसह काही जर्मन मारले गेले. चढलेल्यांपैकी एकही दगावला नाही.

जहाज पळवून न्यायचं होतं, पण एहरेनफेल्सच्या खलाशांनी ते पेटवून बुडवलं. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारे मोठे व्हॉल्व्ह जहाजाच्या पोटात असतात. ते उघडून दिले की जहाज आपल्याच वजनाने तळाला बसतं. शत्रूच्या हाती जाण्यापेक्षा जहाज बुडवा, हा युद्धातला दंडकच होता. डिसेंबर 1939 मध्ये तटस्थ उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदराबाहेर ‘ग्राफ श्पे’ ही जर्मन युद्धनौका तिच्याच कप्तानाने उडवून दिली होती. मुरगावला एहरेनफेल्सच्या ज्वाळा पाहून उरलेल्या तिन्ही जहाजांच्या खलाशांनीही तेच केलं. त्यांच्यावर इंग्रज चढलेच नव्हते!

पुढे पोर्तुगीजांनी खलाशांना अटक करून त्यांच्यावर खटला चालवला. आता प्रश्न ऐका. जहाजं कोणी बुडवली? खलाशांनी, हे खरं. म्हणजे तटस्थ बंदरात जाळपोळ त्यांनी केली, हेही खरं. पण बाहेरचा सशस्त्र माणूस शिडीवर चढला म्हणून त्यांनी व्हॉल्व्ह उघडले असतील, तर गुन्हेगार कोण? आणि बाकीच्या तीन जहाजांवरच्या खलाशांनी तर फक्त शेजारचं जहाज जळताना पाहिलं होतं. एकाच कृतीचा अर्थ साक्षीदाराने त्या क्षणी काय पाहिलं यावर फिरतो. अंधारात आलेल्यांच्या अंगावर गणवेश नव्हता, बोटीवर निशाण नव्हतं. त्यांना ‘इंग्रज सैन्य’ म्हणायला खलाशाकडे काय पुरावा? आणि ज्यांना सगळं माहीत होतं ते कलकत्त्यात आपापल्या कचेऱ्यांत परत बसले होते. त्यांना कोर्टात बोलावणार कोण? पोर्तुगालशी मैत्री जपणाऱ्या इंग्रज सरकारने तोंड उघडलं नाही.

एरवी समुद्रावरच्या अपघातात खलाशाच्या साक्षीला मोठा मान असतो. पाण्यावर साक्षीदार कोणी नसतो, तिथे माणसाचा शब्द आणि जहाजाची नोंदवही हाच पुरावा. पण इथे खलाशी स्वतःच आरोपी होते. एहरेनफेल्सच्या कॅप्टनचा त्या रात्रीच मृत्यू झाला होता आणि जहाज जळून तळाला गेलं होतं.

1978 मध्ये जेम्स लीझर यांचं ‘बोर्डिंग पार्टी’ हे पुस्तक आलं, तेव्हा या मोहिमेची कहाणी सामान्य वाचकांपर्यंत पोचली. म्हणजे 35 वर्षं. दोनच वर्षांनी ‘द सी वूल्व्ज’ सिनेमाही निघाला, ग्रेगरी पेक, रॉजर मूर आणि डेव्हिड निव्हन यांना घेऊन. दोन्हींत नायक इंग्रजच. मला विचाराल तर या प्रकरणातला खरा रंजक माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला खलाशी आहे, आणि त्याच्याकडे अजून पुरेसं कोणी पाहिलेलं नाही.

गोव्याच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज काळाची प्रचंड दप्तरं आहेत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथेच बसून ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ लिहिला, कारण त्यांना पोर्तुगीज येत होतं. इतिहासाची ओढ असलेल्या आपल्या मुलामुलींनी ही भाषा जरूर शिकावी. 1943 चे गोव्याचे कागद वाचणारे डोळे मराठीत फार थोडे आहेत.