चिनी मालाची प्रत आणि पत

जव्हारनजीकच्या शिरपामाळावर, १६६४ च्या सुरतस्वारीच्या वाटेवर, शिवाजीमहाराजांचा मुक्काम पडला व जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी शिरपेच देऊन त्यांचा सन्मान केला, अशी परंपरा आहे. ती वाट ज्या बंदराकडे जात होती, तेथील व्यापारात चिनी रेशीम व चिनी मातीची भांडी उंची मालात गणली जात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘चीनपट्ट’ आणि कालिदासाच्या शाकुंतलातील ‘चीनांशुक’ हे शब्दही मौल्यवान वस्त्राचेच वाचक होत. आज मात्र मराठी बाजारात ‘चायना माल’ म्हटले की स्वस्त, दिखाऊ व अल्पायुषी वस्तू असाच अर्थ घेतला जातो.

या स्थित्यंतराचे कारण केवळ चिनी कारागिरीत शोधणे योग्य नव्हे. १९७८ नंतर निर्यातीकडे वळलेल्या चिनी कारखान्यांत एकाच वस्तूच्या अनेक प्रती निघू लागल्या. कोणती प्रत कोठे जावयाची, हे बहुधा आयातदाराने देऊ केलेल्या भावावरून ठरते. आपल्याकडील व्यापाऱ्यांनी पुष्कळदा खालचा भाव पसंत केला. दोष मात्र देशाच्या नावावर बसला. अर्थात तो दोष निव्वळ काल्पनिकही नव्हता. २००७ साली रंगातील शिशामुळे चीनमध्ये बनलेली लक्षावधी खेळणी अमेरिकी बाजारातून परत घ्यावी लागली होती.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. छिंगताव येथील शीतकपाटांच्या कारखान्यात १९८५ साली व्यवस्थापक चांग रुईमिन यांनी ७६ सदोष शीतकपाटे कामगारांसमक्ष हातोड्याने फोडविली. त्यातूनच वाढलेल्या ‘हायर’ उद्योगाचा कारखाना आज पुण्याजवळ रांजणगावला आहे. नागपूर मेट्रोचे डबेही चिनी कंपनीनेच पुरविले. या वस्तूंना सहसा कोणी ‘चायना माल’ म्हणत नाही. याउलट संक्रांतीच्या सुमारास पक्ष्यांचे, क्वचित माणसांचेही, गळे कापणारा नायलॉनचा मांजा पुष्कळसा भारतातच तयार होतो. २०१७ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यावर बंदी घातली, तरी लोकांच्या तोंडी तो अद्याप ‘चायनीज मांजा’च आहे! हे विशेषण येथे देशवाचक राहिलेले नाही. ते दोषवाचक झाले आहे.

म्हणूनच ग्राहकांच्या पाहणीत ‘चिनी वस्तूंविषयी आपले मत काय?’ असा प्रश्न घातल्यास उत्तर येते ते शब्दाविषयी, वस्तूविषयी नव्हे. वस्तूचा भाव, निर्मितीचे ठिकाण, विक्रेत्याने दिलेली हमी आणि ती प्रत्यक्षात किती दिवस टिकली, यांची नोंद प्रश्नावलीत स्वतंत्रपणे घ्यावी लागते.