कॅम्परव्हॅनच्या टपावरचं सोलर पॅनल बदलताय? वॅटच्या आधी व्होल्ट बघा

टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीची कॅम्परव्हॅन करून फिरणारी मंडळी आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. समजा, अशा एका गाडीच्या टपावर १०० वॅटची दोन जुनी पॅनल आहेत. मग गाडीत १२ व्होल्टचा फ्रिज येतो, लॅपटॉपवर काम सुरू होतं आणि पहाटेपर्यंत बॅटरी मान टाकते. लगेच ठरतं, मोठी पॅनल टाकू! विचार बरोबर आहे. पण पॅनल घेताना आपण फक्त वॅट बघतो. नव्या पॅनलचा व्होल्टेज कंट्रोलरला झेपला नाही, तर हजारो रुपयांचा कंट्रोलर कायमचा जातो. आणि गंमत म्हणजे तो कडक उन्हात नाही, तर थंडीतल्या सकाळी जातो. असं का होतं, ते नीट समजून घेऊ.

आधी गरज मोजा

एका दिवसाचा हिशोब करू. छोटा फ्रिज साधारण ५०० वॅट-तास, २५ वॅटचा पंखा ८ तास म्हणजे २००, लॅपटॉप आणि मोबाईल मिळून २५०, दिवे ५०. एकूण झाले १००० वॅट-तास.

आता पॅनल किती देतं? पावसाळा सोडला तर महाराष्ट्रात दिवसाला साधारण ५ तासांचं भरदार ऊन धरायला हरकत नाही. टपावर पॅनल आडवं असतं, वर धूळ आणि उष्णता, त्यामुळे हातात साधारण ७० टक्के येतं. म्हणजे २०० वॅटला २०० × ५ × ०.७ = ७०० वॅट-तास. ४०० वॅट केले तर १४००. आपलं काम ४०० मध्ये भागतं.

तुमच्या कंट्रोलरला ब्लूटूथ असेल तर ॲपमध्ये रोजची वीज दिसते. ती आधी बघा. बॅटरी दुपारी १२ वाजताच फुल होत असेल आणि तरी पहाटे संपत असेल, तर पॅनल नाही, बॅटरी कमी पडतेय. तिथे नवं पॅनल घेऊन उपयोग नाही.

तेवढ्याच जागेत किती वॅट बसतील?

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्सने सिलिकॉनचा सोलर सेल दाखवला, तेव्हा त्याची कार्यक्षमता होती साधारण ६ टक्के. जुनी पॉली पॅनल साधारण १५ टक्के देतात, आजची चांगली मोनो पॅनल २० ते २३ टक्के. म्हणजे जुन्या १०० वॅटच्या जागेत आज १३५ ते १५० वॅट बसतात. थेट दुप्पट होत नाहीत, ४०० वॅटसाठी टपावर जास्त जागा काढावीच लागते.

ऑनलाइन घेताना एक सोपी युक्ती वापरा. भर उन्हात एक चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते. त्यामुळे पॅनलची लांबी गुणिले रुंदी मीटरमध्ये काढा आणि २३० ने गुणा. जाहिरातीतला आकडा याच्या बराच वर असेल, तर ती थाप आहे.

कंट्रोलर म्हणजे मधला माणूस

पॅनल थेट बॅटरीला जोडत नाहीत. मध्ये चार्ज कंट्रोलर असतो. तुमच्या मोबाईलमध्ये चार्जिंग सांभाळणारी चिप असते ना, तसंच त्याचं काम.

त्याचे दोन प्रकार आहेत. स्वस्तातला पीडब्ल्यूएम पॅनलचा व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर खेचून आणतो. १०० वॅटचं पॅनल १८ व्होल्टला ५.५ अँपिअर देतं. बॅटरी १३ व्होल्टला असेल तर हाती येतात १३ × ५.५ = ७२ वॅट. बाकीचे वाया. एमपीपीटी कंट्रोलर जास्तीच्या व्होल्टचं रूपांतर अँपिअरमध्ये करतो, त्यामुळे बहुतेक सगळी वीज बॅटरीत जाते. जुना पीडब्ल्यूएम असेल तर पॅनलसोबत तोही बदला.

खरा धोका इथे आहे

एमपीपीटीवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १०० व्होल्ट आणि ३० अँपिअर. अँपिअर जास्त झाले तर चांगला कंट्रोलर स्वतःच चार्जिंग मर्यादेत ठेवतो. व्होल्ट मात्र त्याला आवरता येत नाहीत. मर्यादा ओलांडली की आतले पार्ट जळतात.

पॅनलच्या मागच्या स्टिकरवर व्हीओसी लिहिलेलं असतं. काही जोडलेलं नसताना पॅनल देतं तो हा व्होल्टेज. समजा १०० वॅटच्या एका पॅनलचा व्हीओसी २४.३ आहे. अशी चार पॅनल सीरिजमध्ये जोडली तर होतात ९७.२ व्होल्ट. मर्यादा १०० ची, म्हणजे चालेल असं वाटतं ना?

नाही चालणार. स्टिकरवरचा आकडा २५ अंश सेल्सिअसचा असतो. पॅनल थंड झालं की व्होल्टेज वाढतो, दर अंशाला साधारण ०.३ टक्के. हिवाळ्यात गाडी स्पितीला नेली आणि सकाळी पारा उणे १० वर असताना ऊन पडलं, तर फरक ३५ अंशांचा. म्हणजे साडेदहा टक्के वाढ. ९७.२ चे झाले १०७ च्या वर. कंट्रोलर गेला, आणि जवळपास दुकानही नाही.

उपाय सोपा आहे. दोन-दोन पॅनल सीरिजमध्ये आणि त्या दोन जोड्या पॅरललमध्ये जोडा. तिथल्या त्याच थंडीत व्होल्टेज ५४ च्या आतच राहतो, वॅट मात्र तेवढेच मिळतात.

जुनी आणि नवी पॅनल एका सीरिजमध्ये मिसळू नका. कमी अँपिअरचं पॅनल सगळ्यांना मागे खेचतं. जुनी ठेवायचीच असतील तर त्यांना वेगळा कंट्रोलर द्या.

टपावर चढण्याआधी

• पॅनलवर जाड चादर किंवा पुठ्ठा टाका. ऊन असेपर्यंत पॅनल बंद होत नाही.
• काढताना आधी पॅनलची बाजू सोडवा, मग बॅटरी. जोडताना उलट, आधी बॅटरी, मग पॅनल.
• करंट चालू असताना एमसी४ कनेक्टर ओढू नका. डीसीची ठिणगी सहज विझत नाही.
• बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज हवाच.
• पॅनल आणि टप यांच्यात हवेसाठी फट ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापलं तर सुमारे १४ टक्के वीज कमी मिळते.
• लेड-ॲसिड काढून लिथियम बॅटरी टाकली असेल तर कंट्रोलरची सेटिंगही बदला, आणि इक्वलायझेशन बंद करा.
• मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा.

दुकानात गेल्यावर किंमत विचारण्याआधी स्टिकरचा फोटो काढा. व्हीओसी गुणिले सीरिजमधली पॅनल, त्यावर थंडीसाठी १५ टक्के जास्त धरा. हा आकडा कंट्रोलरच्या मर्यादेच्या आत असेल, तरच पैसे द्या. तुमच्या ग्रुपमधला कोणी गाडी घेऊन हिमालयात निघाला असेल, तर त्याला हा हिशोब आजच पाठवा.