फळीचं दुसरं टोक

पुण्याच्या पेठेतली जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरात स्कर्टिंगच्या पट्ट्या बसवण्याचं काम चाललं होतं. सुतारमामा भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलेले. समोर दोन विटांवर दहा इंची पात्याचं मायटर सॉ मशीन. दहा फुटी पट्टीचं एक टोक पात्याखाली आणि दुसरं पार खिडकीशी, रंगाच्या रिकाम्या डब्यावर. डबा जरा बुटका पडत होता म्हणून त्यावर प्लायचा तुकडा, आणि तोही कमी पडला म्हणून वर घडी घातलेलं वर्तमानपत्र.

"मामा, मशीनला स्टँड का घेत नाही?" मी विचारलं.

"मशीनला कशाला, ताई? मशीन बसलंय की जागेवर. हलते ती पट्टी."

स्टँड विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत मी बरंच काही वाचलं आहे, पण इतकं नेमकं कुठे सापडलं नव्हतं. मायटर सॉचा स्टँड मशीनसाठी नसतोच. मशीन विटांवर, टेबलावर, कशावरही चालतं. स्टँड असतो तो फळीच्या दुसऱ्या टोकासाठी.

हे दुसरं टोक पोरकं कधी झालं, त्याला थोडा इतिहास आहे. अमेरिकेत १९२०च्या दशकात रेमंड डिवॉल्ट यांनी रेडियल आर्म सॉ आणला. वर आडवा दांडा, त्यावरून मागेपुढे सरकणारी मोटर आणि पातं. हे धूड वर्कशॉपमध्ये कायमचं बसवलेलं असायचं, आणि त्याच्या दोन्ही अंगांना लांबलचक लाकडी टेबल. फळी कितीही लांब असो, ती आडवी निवांत पडून राहायची. पुढे १९६४ साली रॉकवेल कंपनीने विजेवर चालणारा मायटर बॉक्स बाजारात आणला. लाकडी मायटर बॉक्सच्या खाचांत हातकरवत घालून ४५ अंशांचा काप घ्यायचा, ते काम आता वरून खाली येणारं फिरतं पातं करू लागलं. हे मशीन उचलून कामाच्या जागी नेता येऊ लागलं. मशीन निघालं, टेबल मात्र वर्कशॉपमध्येच राहिलं. स्टँड म्हणजे ते मागे राहिलेलं टेबल, घडी घालून नेता येईल असं.

आता हिशोब पाहा. दहा इंची मशीनचं टेबल साधारण दोन फुटांच्या आतबाहेर रुंद असतं, म्हणजे पात्याच्या एका अंगाला जेमतेम दहा-बारा इंचांचा आधार. दहा फुटी पट्टीचा एक फूट कापायचा तर उरलेल्या नऊ फुटांतले आठेक फूट हवेत. हाताने दाबून धरलं तरी ती झुलतेच. समजा, चार फुटांवर आधार दिला, पण तो टेबलापेक्षा ६ मिलिमीटर खाली राहिला. पट्टी तेवढी कलली. चार इंच उंचीची स्कर्टिंगची पट्टी उभी धरून कापली, तर कापाच्या वरच्या आणि खालच्या टोकात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण तिला भिडणारी दुसरी पट्टी विरुद्ध अंगाने तशीच कललेली कापली जाते, आणि भिंतीवर दोघी भेटल्या की १ मिलिमीटरची फट होते, एका बाजूने मिटलेली, दुसऱ्या बाजूने उघडी. मग मशीनवर गुण्या लावून पाहायचं, पात्याला दोष द्यायचा, अंशांची पट्टी पुन्हा जुळवायची. दोष डब्याचा असतो.

फट पुट्टीने भरता येते. खरं भय वेगळं आहे. तुटत आलेला लांब तुकडा निराधार असला की वाकतो, आणि काप पात्याला चिमट्यात पकडतो. पातं अडखळतं, झटका बसतो, तुकडा उडतो. म्हणून आधार दोन्ही अंगांना हवा, आणि पातं पूर्ण थांबल्याशिवाय मशीनचं डोकं वर उचलायचं नाही. हात पात्यापासून वीतभर लांब.

मामांसारखे सुतार बसून काम करतात याला कुणी मागासलेपणा म्हणू नये. बसलेल्या सुताराकडे दोन हात आणि दोन पाय असतात. पायाच्या बोटांत फळी धरून रंधा मारणारा माणूस पाहिला की क्लॅम्प ही चैन वाटते. पण ती पद्धत हातकरवतीबरोबर घडली. मिनिटाला काही हजार फेरे घेणाऱ्या पात्याशेजारी पाय हा क्लॅम्प होऊ शकत नाही, आणि बसल्यावर तोंड नेमकं भुश्याच्या वाटेत येतं. या एका मशीनपुरतं तरी उभं राहावं, असं माझं मत आहे. मामांना ते अजून पटलेलं नाही.

बाजारातले स्टँड ढोबळमानाने दोन घराण्यांचे. पहिलं घराणं एका लांब ॲल्युमिनियमच्या तुळईचं: खाली घडीचे चार पाय, तुळईतून दोन्हीकडे बाहेर ओढायचे हात, आणि मशीन दोन ब्रॅकेटवर खटकन बसणारं. डिवॉल्ट कंपनीचा या जातीचा एक स्टँड १६ किलोचा आहे, २२७ किलो भार पेलतो आणि हात पूर्ण ओढले की १६ फुटी माल झेलतो. दुसरं घराणं चाकांचं. मशीन कायम वर बसवलेलं, खाली दोन चाकं, आणि गॅसच्या दांड्यामुळे अर्धवट आपोआप उभा राहणारा सांगाडा. सरकत्या डोक्याचं बारा इंची मशीन पंचवीस किलोच्या घरात जातं. ते दिवसातून दोनदा कमरेत वाकून चढवण्यापेक्षा ढकलत नेणं केव्हाही बरं. पण चाकं लिफ्टच्या इमारतीत. मामांच्या तिसऱ्या मजल्यावर तो स्टँड म्हणजे मशीन आणि स्टँड यांचं एकत्र ओझं, जे सुटं करून दोघांत वाटूनही सहज घेता येत नाही. तिथे तुळईवालाच: एका खेपेत मशीन, एका खेपेत खांद्यावर स्टँड.

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर खरेदीला जाल तर भार किती पेलतो हे विचारण्यात वेळ घालवू नका. तो आकडा जवळपास नेहमीच गरजेपेक्षा मोठा असतो. आपल्या मशीनच्या बुडातल्या चार भोकांचं अंतर मोजून न्या आणि ब्रॅकेट त्याला बसतं का ते दुकानातच पाहा. मग हात पूर्ण बाहेर ओढून टोक दाबून पाहा, ते लवतं का. शेवटी आधाराची उंची मशीनच्या टेबलाइतकी आणता येते का ते पाहा, कारण प्रत्येक मशीनच्या टेबलाची उंची वेगळी असते. सरकत्या डोक्याचं मशीन असेल तर एक जास्तीची परीक्षा: डोकं पुढे ओढलं की सगळा भार आपल्याकडे येतो, पायांचा फाका अरुंद असेल तर स्टँड पुढे झुकतो. टेबल कमरेइतकं, चौतीस ते छत्तीस इंचांवर, असलं की पाठ वाचते.

रोलरबद्दल मात्र माझा राग आहे. आधारावर रोलर असले की गिऱ्हाईक खूश होतं. टेबल सॉवर ते ठीक, तिथे फळी पुढे सरकते. मायटर सॉवर फळी स्थिर असते, पातं हलतं. रोलर किंचित तिरका बसला असेल तर फळी सरकवताना तो तिला मशीनच्या कुंपणापासून, म्हणजे ती ज्याला टेकते त्या मागच्या उभ्या पट्टीपासून, दूर नेतो, आणि आपण दर वेळी ती परत दाबत बसतो. सपाट डोक्याचा आधार साधा दिसतो, पण गुमान राहतो.

जुळवणी एकदाच नीट करावी. सहा फुटांचं सरळ ॲल्युमिनियम सेक्शन मशीनच्या टेबलावरून दोन्ही आधारांवर आडवं ठेवायचं आणि खालून उजेड दिसतो का ते बघायचं. पाणसळ इथे दुय्यम. सगळा स्टँड एकीकडे थोडा कलला तरी कापाचं बिघडत नाही, टेबल आणि आधार एका पातळीत हवेत. साइटची फरशी क्वचितच सपाट असते, तेव्हा एक पाय खालीवर होणारा असलेला बरा.

आणि स्टॉपर, म्हणजे फळीचं टोक टेकवायचा ठोकळा. खिडक्या बनवणारे बारा फुटी सेक्शनमधून एकाच मापाचे तुकडे तासन्‌तास पाडतात. त्यांच्याकडे हे शिकावं: टेप एकदाच लावायचा, स्टॉपर आवळायचा, पुढे फक्त टेकवायचं आणि कापायचं. स्टॉपर एकाच अंगाला. दुसऱ्या अंगाचा तुकडा सुटायला मोकळा हवा, नाहीतर तो पातं आणि स्टॉपर यांच्यामध्ये अडकतो. गंमत अशी, की पंधरा-वीस तुकड्यांनंतर माप सूतभर कमी येऊ लागतं. कारण स्टॉपरच्या बुडाशी भुसा साचतो आणि फळी लाकडाऐवजी भुश्याला टेकते. स्टॉपरचा खालचा कोपरा पटाशीने उडवला की भुश्याला बसायला जागा मिळते.

मामांनी स्टँड घेतला नाही. पण आठवड्याभराने पाहिलं तर टाकाऊ प्लायच्या दोन लांब पेट्या त्यांनी केल्या होत्या, मशीनच्या टेबलाइतक्याच उंचीच्या, सुताचाही फरक नाही. दोन घोड्यांवर जाड फळी, मधे मशीन बोल्टने आवळलेलं, दोन्हीकडे पेट्या. उजवीकडच्या पेटीवर स्टॉपर, त्याचा कोपरा उडवलेला. काम संपल्यावर पेट्या दोरीने पाठीला.

दुपारी डबे त्या फळीवरच उघडले. मामांनी आधी फुंकर मारून स्टॉपरपाशी साचलेला भुसा उडवला, मग भाकरी सोडली.