अंगठा, सही आणि सात-बारा

धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. प्रश्न जमिनीचा व मानाचा होता; तो अद्याप मिटलेला नाही.

कामगारांत आयुष्य घालविताना आम्ही पाहिले, की कागद न वाचणारा मजूर हमखास नाडला जातो. दलित विधवेचेही तसेच होते. मृत्युपत्र न करता वारलेल्या पतीच्या मिळकतीत १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलाइतकाच वाटा दिला; तो बौद्धांनाही लागू आहे. परंतु तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज गेला नाही, तर सात-बाऱ्यावर तिचे नाव चढत नाही.

म्हणून जी कार्यकर्ती अक्षरओळखीबरोबर सात-बारा वाचावयास शिकविते, तिचे व आमचे काम एकच. वाचावयास शिकलेली बाई कोऱ्या कागदावर अंगठा उठवीत नाही.